गल्लीवरची कमान

एकदा एक तरुण भूमध्य समुद्राकाठच्या एका पुरातन नगरात घर विकत घ्यायला निघाला. नगराचा जुना भाग ओस पडत चालला होता. माणसं खाली बंदराजवळच्या नव्या वस्तीत उतरली होती आणि वरच्या दगडी घरांना कुलपं लागली होती. तरुणाला ते पाहवत नव्हतं. तो एका वृद्ध स्थपतीचा शिष्य होता. जुनी घरं दुरुस्त करण्याची विद्या इथेच वापरायची आणि इथेच राहायचं, असा त्याचा निश्चय होता.

त्याने हेरलेल्या घरावर एका व्यापाऱ्याचाही डोळा होता. त्याला तिथे गोदाम करायचं होतं. मालकाने सांगितलं, "दुपारपर्यंत जो आधी हो म्हणेल, घर त्याचं."

शिष्य सकाळीच गुरूंना घेऊन आला. घर भक्कम होतं, पण अंधारं. गल्ली चिंचोळी, आणि खिडकीसमोरच एक दगडी कमान या भिंतीतून निघून गल्लीवरून समोरच्या घरात शिरलेली.

"ही पहिल्याच दिवशी पाडणार," शिष्य म्हणाला. "वर ना खोली, ना वाट. नुसती उजेड अडवून बसली आहे."

गुरूंनी कमानीकडे पाहिलं आणि घरात न शिरता समोरचं दार वाजवलं. फोतिनी नावाच्या म्हातारीने दार उघडलं.

"बाई," गुरू म्हणाले, "हा माझा शिष्य समोरचं घर घेऊ म्हणतो. तुमची परवानगी असेल तर."

शिष्याचे कान तापले. "गुरुजी, घर यांचं नाही. तिकडे तो व्यापारी..."

"बसा, कॉफी ठेवली आहे," फोतिनी म्हणाली. "याला घाई असेल तर हा उभ्याने पिईल."

कॉफी झाली. मग गुडघेदुखी निघाली, परगावच्या मुलाची नोकरी निघाली. ऊन चढत होतं. शिष्याला राहवेना. "गुरुजी, घर हातचं जाईल. परवानगी कशाची मागताय?"

गुरू उठले. कमान जिथे फोतिनीच्या भिंतीत शिरत होती, तिथे त्यांनी ओळंब्याची दोरी सोडली. भिंत दोरीपासून सुटून गल्लीकडे झुकली होती.

"इथली जमीन अधूनमधून हादरते," गुरू म्हणाले. "तेव्हा समोरासमोरची घरं एकमेकांवर कोसळू नयेत म्हणून पूर्वजांनी त्यांच्यामध्ये कमानी घातल्या. ही कमान या बाईंच्या घराला दिलेला तुझ्या घराचा खांदा आहे. तू घर घेशील, पण खांदा काढून घेशील, तर ज्या गल्लीसाठी आलास तीच मोडशील. म्हणून आधी इथे आलो."

शिष्याने दोरी आणि भिंत यांमधलं अंतर बोटांनी मोजलं.

"मग घर घेऊ नको?"

"असं मी कुठे म्हणालो?"

शिष्य फोतिनीकडे वळला. "आजी, कमान राहील. पण तिला आणि तुमच्या बाहेरच्या भिंतीला मी चुना लावू? पांढऱ्या भिंतीवर ऊन पडलं, की ते माझ्या खोलीत उतरेल."

"माझा नवरा लावायचा," ती म्हणाली. "पण चुना दरवर्षी लावावा लागतो. एकदा लावून पळणाऱ्यांतला नाहीस ना?"

"नाही, आजी."

"मग आता मात्र पळ. तो गोदामवाला लवकर जेवून बाहेर पडतो."

शिष्य धावत सुटला. मालकाच्या दारात तो आणि व्यापारी एकदमच पोचले, पण आधी 'हो' म्हणण्याइतका दम शिष्यात उरला होता.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागत नव्हता. सगळा उजेड फोतिनीच्या भिंतीवरून येत होता.

गावं सुधारायला निघालेल्या आपल्यासारख्या अधीर माणसांनी हातोडा जरूर उचलावा. फक्त त्याआधी समोरचं दार वाजवावं.