ससाण्याने दिलेले नाव

एका राज्यात, हंगेरी देशाच्या गवताळ मैदानापलीकडे, कुळाचे नाव आधी घेत आणि माणसाचे मागून. कुळाचे नाव नसेल त्याला कोणी ओळखत नसे, हाकही मारीत नसे.

तिथल्या राजाच्या पदरी गेर्गेय नावाचा ससाणे पाळणारा होता. शिकार पक्ष्याने करावी आणि पोवाडे राजाचे व्हावेत, हा तर जगाचा न्यायच! पण गेर्गेयच्या घराण्याचा एक नियम होता. तीन हिवाळे झाले की ससाण्याच्या पायातली चामड्याची वादी सोडायची आणि त्याला त्याचे आकाश परत द्यायचे. एका पांढऱ्या ससाण्यावर मात्र गेर्गेयचा जीव जडला. चौथा हिवाळा आला, तरी त्याने वादी सोडली नाही.

तेव्हा ससाणा बोलला, "तू माझे आकाश विसरलास. जग तुझ्या कुळाचे नाव विसरेल."

एका हिसक्यासरशी तो पायातल्या वादीसकट उडून गेला. त्याच घटकेला ते नाव सगळ्यांच्या तोंडून नाहीसे झाले. पुढे गेर्गेय झुरून मेला. नाव गेले त्याच दिवशी त्याची लेक पिरोश्का विहिरीवरून परतली, तर आई दारात आडवी उभी.

"कोण ग तू?"

"आई, मी पिरोश्का."

"पिरोश्का पुष्कळ आहेत. कुठल्या कुळातली?"

पिरोश्काच्या तोंडूनही ते नाव गेले होते. आईने दार लावून घेतले.

ससाणा उंच कड्यावर जाऊन बसला होता; नाव परत मागायला पिरोश्का तो कडा चढून त्याच्याकडे गेली.

"तीन दिवस पाय बांधून बस," तो म्हणाला. ती बसली.

"तीन दिवस डोळ्यांवर टोपी ओढून ठेव, तुम्ही ससाण्याचे डोळे झाकता तशी." तिने ठेवली.

"आता माझी वादी धर. वादी हातात आहे तोवर तुझी आज्ञा मला मोडता येत नाही. आईने ओळखावे, अशी आज्ञा कर. नाहीतर गाठ सोड. मग माझ्यावर तुझा हक्क उरणार नाही."

पिरोश्काला आई हवी होती, दुसरे काहीच नको होते. पण वादीखाली त्याचा पाय सोलून निघाला होता. ती रडली, आणि रडत रडतच तिने गाठ सोडली आणि मूठ उघडली.

ससाणा उंच गेला. वरून आवाज आला, "बापाला जमले नाही ते तू केलेस. जुने नाव आता येणार नाही. माझे घे."

त्या देशी ससाण्याला 'शोयोम' म्हणतात.

ती घरी आली तेव्हा आई दारातच होती. "शोयोम पिरोश्का, होतीस कुठे ग इतके दिवस? हात बघ कसे गारठलेत. चल, आत ये."

त्या राज्यात पुन्हा कोणी ससाण्याला चौथ्या हिवाळ्यात अडवून ठेवले नाही. शोयोम म्हणजे ससाणा, हे कोणीही सांगेल. त्या कुळातल्यांना नावाचा अर्थ विचारला, तर ते मूठ उघडून दाखवतात.