धुक्यातला बॉल

कोल्हापूरच्या एका कॉलेजात दिनकर सरनोबत फुटबॉल शिकवायचे. ऐन उमेदीत गुडघा गेला आणि पेठेचा हा लाडका खेळाडू कोच झाला. पण पहाटेच्या धुक्यात मैदानावर उभं राहिलं, की त्यांना अजून जुन्या गर्दीचा कल्ला ऐकू यायचा. त्यांची एक तऱ्हा होती. सामन्याच्या आदल्या सकाळी ते पोरांना बॉलशिवायच खेळवायचे. बॉल आहे असं समजून पोरं पास द्यायची, अडवायची आणि बघता बघता धुक्यात तो खरंच दिसू लागायचा.

फायनलच्या आदल्या सकाळी संस्थेचे अध्यक्ष इंगवलेसाहेब तिथे येऊन थडकले.

"उद्या माझा पुतण्या पुढं खेळणार. नाहीतर तुम्ही घरी बसा!"

"आत्ताच उतरवतो की, साहेब," सरनोबत म्हणाले. "तुम्ही फक्त बघा."

पुतण्या उतरला. पहिलाच पास त्याच्याकडे आला. त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं. डावीकडे मोकळा उभा असलेला गडी हात वर करून ओरडत होता, पण पुतण्या आपल्याच तंद्रीत गोलकडे पळत सुटला. साहेब कधी रंगले त्यांनाच कळलं नाही. ते रेषेपर्यंत धावले आणि गरजले, "अरे, त्याला दे की बॉल! सोड!"

मग स्वतःच दचकले. मैदानात बॉल नव्हताच.

"मी तरी वेगळं काय म्हणतोय, साहेब?" सरनोबत धुक्याकडे बघत म्हणाले. "नसलेला बॉलसुद्धा तो कुणाला देत नाही. उद्या तर खरा असणार आहे."