सगुणा कावळीचा सोपा प्रश्न

पाखरांची भांडणं पिंपळावरच्या कोर्टात चालायची, त्या काळची ही गोष्ट. सगुणा कावळीला वकील व्हायचं होतं. प्रवेश परीक्षा उद्यावर आली होती, म्हणून शेजारची खारूताई तिला तर्काचे प्रश्न विचारत होती.

“सगळे कावळे काळे असतात. हा पक्षी काळा आहे. म्हणून हा कावळाच. बरोबर की चूक?”

“बरोबर! इतकं सोपं?” सगुणा फांदीवर नाचायलाच लागली. “अगं, आमचा सोन्याच बघ ना. काळाकुळकुळीत, म्हणजे कावळाच!”

तेवढ्यात घरट्यातल्या सोन्याने पहिल्यांदाच गळा मोकळा केला, “कुहूऽऽ!”

खारूताई हसून हसून फांदीवरून घसरली. मग सगुणाही खो खो हसत सुटली.

“चूक गं बाई, साफ चूक!” सोन्याच्या चोचीत अळी भरवत ती म्हणाली, “पण लेकरू माझंच हं. तो प्रश्न परीक्षेला नाही.”