माळ परत करायला आलेला माणूस

“माळ कुणाकडं द्यायची, नाना? तुमच्या हातात, की देवापुढं ठेवू?”

दारातूनच विचारलं. पायातल्या चपला काढल्या नाहीत. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

आमचे नाना ओसरीवर वाती वळत बसले होते. मी शेजारी तांदूळ निवडत होते.

“कोण, इंजिनिअर? ये. बैस.”

“बसायला नाही आलो. माळ परत करायला आलोय.”

मठात स्वयंपाकाला लागून मला एकवीस वर्षं झाली. माळ मागायला आलेले ढीगभर पाहिले. परत करायला आलेला हा पहिलाच. मला रागच आला, खोटं कशाला सांगू? ऐंशी वर्षांच्या गुरूसमोर असं चपला घालून उभं राहायचं म्हणजे कमालच झाली!

हे कुलथेसाहेब. धरणांच्या कामावरून निवृत्त झालेले मोठे इंजिनिअर. दर चैत्रात नवरा-बायको गाडी घेऊन मठात यायचे. गेल्या कार्तिकात बाई गेल्या. यंदा एकटेच आले होते. शर्टाला काळं ग्रीस, पँट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, ओठ सुकलेले. अवतार बघून माझा राग थोडा उतरला. थोडाच.

नानांनी विचारलं, “कसा आलास?”

“गाडीनं.”

“ते दिसलं. कसा आलास?”

साहेब पायरीवर बसले. बसायचं नाही म्हणाले होते, ते विसरले असावेत.

“सांगतो. ऐकाच. पहाटे गाडीत बसलो. शेजारची सीट रिकामी. माळ हातात घेतली आणि देवाला म्हटलं, तीस वर्षं तुझं नाव घेतोय. एकदाच मागितलं, हिच्यासाठी. ते दिलं नाहीस. आता एवढा एक प्रवास धड होऊ दे. पहिल्यांदाच एकटा जातोय. तेवढंही जमलं नाही तुला, तर तुझा-माझा संबंध संपला.”

“मग?”

“मग काय! तासाभरात टायर फुटला. डिकीतला जादा टायर काढला, तर त्यातही हवा नाही. ही असती तर निघायच्या आधी चारदा विचारलं असतं, हवा बघितलीत का, हवा बघितलीत का...”

नानांनी एक वात वळून ताटलीत ठेवली.

“मग?”

“एक दूधवाला आला मोटारसायकलवरून. दुधाच्या किटल्या उतरवून झाडाखाली ठेवल्या, टायर मागं बांधून नेला, पंक्चर काढून आणला. दीड तास गेला माझा!”

एवढ्या उन्हात त्याचं दूध नासलं असेल की काय, असं माझ्या मनात आलं.

“मग?”

“फाट्यावर रस्ता चुकलो. दरवर्षी तिथलं वळण हीच सांगायची.”

“विचारायचंस कुणाला.”

“मी? अहो नाना, हयात गेली माझी नकाशे वाचण्यात. मी काय रस्ता विचारत फिरू?” साहेब क्षणभर ताठ झाले, मग खांदे पडले. “पुढं रस्ताच संपला. कोरडा ओढा. म्हटलं, पलीकडं निघेल गाडी. चाकं वाळूत रुतली. जेवढी दामटावी तेवढी खोल.”

“मग?”

“तुम्ही सारखं मग-मग काय लावलंय?” साहेब चिडले. “पलीकडं मेंढरं बसली होती. धनगर नवरा-बायको आले. त्यानं हातांनी वाळू उपसली. चाकाखाली घालायला काही मिळेना, तर त्या बाईनं पालातली अंथरायची घोंगडी आणून घातली. निघाली गाडी. घोंगडीच्या चिंध्या झाल्या.”

माझे हात तांदळात तसेच राहिले. माझं माहेर त्यातलंच. एक घोंगडी विणून व्हायला काय लागतं, ते मला माहीत आहे.

“ती काही बोलली?” नानांनी विचारलं.

“हसली. म्हणाली, साहेब, सावकाश जावा.”

“मग?”

“घाटात इंजिन तापलं. बघायला उतरलो, तर माकडांनी उघड्या काचेतून डबा पळवला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पोळ्या लाटल्या होत्या, नाना. वेड्यावाकड्या. त्याही...”

“माकडांनी खाल्ल्या?”

“खाल्ल्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“मग चांगल्या झाल्या असतील.”

मला हसू फुटलं. साहेबांना नाही.

“थट्टा करा माझी. इंजिनात घालायला थेंबभर पाणी नव्हतं. एक म्हातारी घाट चढत येत होती, डोक्यावर हंडा. इंजिन निवेपर्यंत माझ्याजवळ बसून राहिली, अख्खा हंडा ओतला आणि परत खाली विहिरीवर गेली. असा हा प्रवास! पार वाट लागली माझी. आता तुम्हीच सांगा, देव आहे असं कोणत्या तोंडानं म्हणू?”

त्यांनी माळ नानांपुढं ठेवली. तुळशीचे मणी झिजून काळे गुळगुळीत झाले होते.

नानांनी हातातली वात ताटलीत ठेवली.

“दूधवाल्याचं नाव काय?”

“कुणास ठाऊक.”

“घोंगडीवालीचं?”

“नाही विचारलं.”

“म्हातारीचं?”

“नाना, मी संकटात होतो! नावं कुठं विचारत बसू?”

“आल्यापासून नावं ठेवतोयस,” नाना म्हणाले. “एक तरी घेतलंस?”

साहेबांनी मान वळवली. बाहेर उन्हात त्यांची गाडी उभी होती, एका बाजूचं दार अर्धवट उघडं.

मग ते बोलले. आवाज त्यांचा वाटलाच नाही.

“माझं तरी कोण घेतं, नाना? आई होती तोवर वामन्या म्हणायची. ही अहो म्हणायची. हिनं जन्मात एकदाच नाव घेतलं माझं. लग्नात, सगळ्यांनी हट्ट धरला म्हणून, उखाण्यात. आता अहोसुद्धा कुणी म्हणत नाही. पोचलात का, म्हणून फोन येत नाही. दारावरच्या पाटीवर आहे नाव. ते मीच वाचतो येता-जाता. आज त्या घाटात उभा होतो, तेव्हा वाटलं, इथं मेलो तर मी कोण हे कळायला लोकांना माझे खिसे तपासावे लागतील...”

साहेब ओंजळीत तोंड घालून रडले. एवढा मोठा माणूस.

मी तांदळाचं ताट बाजूला सारलं. एकवीस वर्षं मी या माणसाला भाकरी वाढतेय आणि वामन हे नाव मला आज कळलं. मघाशी चपलांवरून मनातल्या मनात केवढी तणतणले होते मी! माझीच मला लाज वाटली.

नानांनी समजूत काढली नाही. पाठीवर हात फिरवला नाही. रडू दिलं. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “पिठलं आहे ना? वाढ.”

साहेबांनी चपला काढल्या. हात-पाय धुऊन मांडी घालून बसले. तीन भाकरी खाल्ल्या, वर ताक घेतलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं बिचाऱ्यांच्या. ताकाचा पेला खाली ठेवताना ते अडखळत म्हणाले,

“बाई, इतकी वर्षं तुमच्या हातचं जेवतोय... तुमचं नाव काय हो?”

“गयाबाई.”

“गयाबाई,” त्यांनी एकदा म्हणून पाहिलं.

मी आणखी पिठलं वाढलं.

ऊन उतरल्यावर ते निघाले. मी रेडिएटरसाठी दोन कॅन पाणी डिकीत ठेवलं. साहेब नानांच्या पाया पडले, आणि पाया पडून झालं तरी उठेनात. नजर माळेवर.

“नाना, माळ...”

“राहू दे माझ्याकडं.”

“मग मी काय करू?”

“आलास त्याच रस्त्यानं जा. तिघांची नावं विचार.”

“आता कुठं सापडायचे ते? दूधवाला कुठल्या गावचा, मेंढरं कुठं हलली असतील...”

“लोकांना विचारत जा.”

साहेबांनी मान हलवली. दोन पायऱ्या उतरले. परत वळले.

“समजा सापडले. नावं विचारली. पुढं?”

नानांनी कापूस हातात घेतला होता. मान वर न करता म्हणाले,

“तुझं सांग.”