चासीचा हुक

किनाऱ्यावरच्या एका गावात हर्षाली नावाची एक घाबरट बाई होती. लेक नुसती शिंकली तरी ही डॉक्टरकडे धावायची. तिच्या दिराने, मोरेश्वरने, नवी पिकअप आणली आणि मासळी थेट वाळूतूनच भरायची ठरवली, तेव्हा तर विचारूच नका!

"गाडी रुतली तर ओढायला हुक हवेत," ती म्हणाली.

मोरेश्वर एक लालभडक हुक घेऊन गॅरेजात गेला. फिटर तो पुढच्या बंपरला लावू लागला. मागोमाग आलेली हर्षाली लेकीला दिराच्या कडेवर देऊन सरळ गाडीखाली शिरली.

"वहिनी, काय हरवलं?"

"हुकामागचं लोखंड शोधतेय. इथे नुसता पत्रा आहे. भरली गाडी ओढताना फाटला, तर हुक गोळीसारखा सुटेल. खाली चासीला, गाडीच्या लोखंडी सांगाड्याला लावा, पुढे आणि मागे."

"तिथे तो कुणाला दिसणार?"

"दाखवायचाय कुणाला?"

"तुम्हांला स्वप्नातही गाडी रुतलेलीच दिसते!"

"दिसते ना. आणि ढकलताना तुम्ही दिसता."

फिटर हसला. आपण जरा जास्तच करतोय का, असं तिला वाटलं. तरी भरल्या गाडीचं वजन पेलतील असे जाड, काळे हुक चासीला बोल्टांनी आवळून बसेपर्यंत ती हलली नाही. मोरेश्वरने लाल हुकही बंपरवर मिरवायला ठेवलाच.

एका सकाळी भरलेली गाडी ओल्या वाळूत रुतली. भरती चढत होती. ट्रॅक्टर आला. चासीचा पुढचा हुक वाळूत गडप झाला होता, म्हणून मोरेश्वरने घाईघाईने दोर लाल हुकात अडकवला. "ओढा!"

मासळी भरायला आलेली हर्षाली ट्रॅक्टरपुढे उभी राहिली. "थांबा! दोर सोडा."

"वहिनी, गाडी जाईल!"

"जाऊ दे. इथे माणसं उभी आहेत."

लोक ओरडत होते. मी चुकत तर नाही ना, हे तिच्या मनात चालूच होतं. हात मात्र वाळू उपसत होते. एक लाट तोंडावर आली. अखेर काळा हुक हाताला लागला. तिने त्यात दोर अडकवला, सगळ्यांना लांब पिटाळलं आणि मगच हात हलवला. दोर ताणला गेला, चाकं सुटली, गाडी कोरड्या वाळूवर आली.

मोरेश्वरने गाडीतून पाना काढला. मग तो बंपरवरचा लाल हुक सोडवू लागला.

"राहू द्या की, शोभतोय," हर्षाली म्हणाली.

"नको वहिनी. घाईत हात पुन्हा इथेच जाईल."

तात्पर्य: ज्यावर भार टाकायचा ते देखणं आहे का हे न बघता भक्कम आहे का हे बघावं, आणि छाती धडधडत असली तरी त्यावर ठाम राहावं.