उकिरड्यावरचे देठ

एका राज्यात हिवाळा आला की अन्न ताटात पडता पडता गार होई. चुलीवर रटरटणारी आमटी वाटीत आली की तिच्यावर बर्फ धरे. का, हे दरबारातल्या पिकल्या दाढ्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते म्हणत, "नशीब आहे, लेकरांनो. सोसा." आणि स्वतः तीन-तीन शाली पांघरून बसत.

त्या राज्यात केवडा नावाची मुलगी होती. गुरुजींची खोटी उत्तरं पाठ करायची नाहीत म्हणून पाठशाळा सोडून आलेली. तिची आई राजाच्या मुदपाकखान्यात भाजी निवडी. यंदा आईची बोटं निळी पडली, मग हात बर्फाचा झाला. संक्रांतीपर्यंत तो बर्फ काळजात पोचणार होता.

केवडानं खिडकीतल्या दोनशे वर्षांच्या साळुंकीला विचारलं, "हे का होतं?"

"पन्नास हिवाळ्यांपूर्वी एक चेटकीण दाराशी जेवायला आली. राजगुरूंनी तिच्या पदरात भाजीचे टाकलेले देठ घातले. ती म्हणाली, जे दिलंत तेच ऊन करून वाढाल, तेव्हा तुमचं अन्न ऊन राहील. त्या दिवशीची कढई खजिन्यात लपवली आहे. विस्तव राखेत आहे. देठ उकिरड्यावर."

"आणि चेटकीण?"

"तीही तिथंच. मुदपाकखान्याच्या मागं."

"आणि या म्हाताऱ्यांनी तिला शोधायला पोरं पाठवली सात डोंगरांपलीकडं, मरायला!"

खजिन्यात सोन्याला हात लावणारा दगड होई. केवडानं सोन्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तळाच्या लोखंडी कढईत नाग वेटोळं घालून बसला होता.

"ऊठ. भाजी करायचीय."

"चुलीजवळ बसू देशील?"

"बस. लुडबुड करू नको."

जुन्या चुलीच्या राखेत अग्निराक्षस निजला होता. तिनं फुंकणीनं तीन फुंका मारल्या.

"काय जाळू?" राक्षस गरजला.

"काही नाही. मंद राहा."

तो मंद राहिला.

मग ती देठ उचलायला वाकली. त्या राजघराण्यात राजगिऱ्याची कोवळी पानं तेवढी शिजत. देठ मागं भिरकावत. राजगुरू आडवे आले.

"देठ? राजाच्या चुलीवर? अगं, वाडवडिलांची रीत आहे!"

"भुकेल्या बाईच्या पदरात कचरा टाकायची रीत? आणि आजोबा, ते वाडवडील म्हणजे तुम्हीच ना?"

मागं राजा उभा होता. त्यानं ऐकलं. म्हणाला, "गुरुजी, बाजूला व्हा."

केवडानं देठांचे दोरे सोलले, बोटाएवढे तुकडे केले. तेलात ठेचलेला लसूण तांबूस होऊ दिला, सुक्या मिरच्या टाकल्या. आधी देठ, पाण्याचा हबका, वर झाकण. देठ बोटानं दबले तेव्हा चिरलेला पाला, मीठ आणि शेवटी मूठभर दाण्याचा कूट. भाजी तिनं उकिरड्यापुढं वाढली. उकिरडा हलला. त्यातून चेटकीण उठली, मांडी घालून बसली, जेवली.

"मिरची कमी आहे," ती म्हणाली, आणि नाहीशी झाली.

त्याच क्षणी नगरातल्या प्रत्येक ताटातून वाफ वर गेली. खजिन्यातले दगड माणसं होऊन घरी निघाले. डोंगरांपलीकडची पोरं परतीच्या वाटेला लागली. केवडानं पहिला घास आईला भरवला. निळी बोटं तांबूस झाली.

त्या दिवसापासून त्या राज्यात देठ फेकत नाहीत. हिवाळाभर दरबारातले वडीलधारे शाली उतरवून चुलीशी ओळीनं बसतात आणि देठ सोलतात. केवडाची आई त्यांच्या पाठीमागून फिरते.

"दोरा राहिला, गुरुजी," ती म्हणते. "पुन्हा सोला."