शनीच्या आसनावर कोण बसणार?

एकदा एका कापडव्यापाऱ्याच्या मनात आले, की आकाश घरात आणावे.

त्याला कारणही तसेच होते. त्याची नात शाळेत ग्रहमाला शिकून आल्यापासून ताटातल्या पोळीला गुरू म्हणे आणि लिंबाच्या फोडीला शुक्र. आजोबांनी नवे घर बांधायला काढले तेव्हा तिने हट्ट धरला, "आबा, दिवाणखान्यात मधोमध सूर्य हवा. भोवती सगळे ग्रह. आपण ग्रहांवर बसायचं." गिऱ्हाइकाला मोजलेल्यापेक्षा बोटभर जास्त कापड न देणारा हा माणूस, नातीपुढे मात्र ठाण उलगडावे तसा उलगडत गेला. त्याने गावातल्या एका वृद्ध कारागिराला बोलावणे धाडले.

वृद्धाने सारी खोली फिरून पाहिली आणि म्हणाला, "शेटजी, आकाशात सामान थोडं आणि मोकळी जागा फार. आपणही तसंच करू."

आणि तसेच केले. छताला दिवेलागणीचा गडद निळा रंग दिला. मधोमध पितळी घुमटीचा मोठा दिवा टांगला. त्याच्या अगदी जवळ बुधाची चिमुकली तिवई, मग शुक्राचे पांढऱ्या मखमलीचे आसन. पृथ्वी निळी, आणि तिच्याशेजारी चंद्र म्हणून एक पाट, लोखंडी दांड्यावर गोल फिरणारा. मंगळ विटकरी रंगाचा. गुरूचे आसन सर्वांत मोठे, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचे. युरेनस आणि नेपच्यून ही दोन निळी-हिरवी बैठी आसने पार खिडकीपाशी. शनीचे आसन वृद्धाने आपल्या शिष्याला, गेनूला करायला दिले.

गेनू बावीस वर्षांचा, तापट. शाळा चौथीत सुटलेली, पण हात सोन्याचा. चार महिन्यांपूर्वी त्याचा थोरला भाऊ महादू आठ दिवसांच्या तापात गेला होता. शेजारपाजारचे म्हणाले, "घराला साडेसाती लागली." ते शब्द गेनूच्या काळजात खिळ्यासारखे बसले. ज्याने भाऊ नेला, त्याच्यासाठी आपण गादी शिवायची? तो दातओठ खात कामाला बसला. पण राग मनात होता, हातांना खोटे काम ठाऊक नव्हते. आसन उतरले ते हळदीच्या रंगाचे, सागवानी, आणि भोवती वेताचे रुंद कडे. त्या कड्यावर चहाची कपबशी ठेवावी, नाहीतर एखादे पोर बसवावे.

गेनूचे खरे दुखणे दुसरेच होते. लोक म्हणत, "अरे, आई सावरली, वहिनी कामाला लागली. तूच कसा अजून मागे?" तो सर्वांबरोबर हसे, पण हसता हसता मधेच तोंड फिरवी. आपल्यातच काही खोट आहे, असे त्याच्या मनाने घेतले होते. हे घर पुरे झाले की कुणाला न सांगता निघून जायचे, हे त्याने ठरवून टाकले होते.

वास्तुशांतीचा दिवस आला. पाहुणे दिवाणखान्यात शिरले आणि बघतच राहिले. नात प्रत्येकाला हाताला धरून ग्रहावर बसवू लागली. व्यापाऱ्याच्या आत्याबाई कमरेवर हात ठेवून मोजत होत्या.

"आठच? राहू-केतू कुठायत?"

"आत्याबाई," वृद्ध म्हणाला, "राहूला धड नाही, तो बसणार कशावर? आणि केतूला डोकं नाही, त्याला बैठकीत बोलावून करायचं काय?"

खोली हास्याने भरून गेली. सगळी आसने भरली. रिकामे राहिले ते एकच, वेताच्या कड्याचे.

"ते कुणाचं?" आत्याबाईंनी विचारले.

"शनीचं," नात म्हणाली. "बस ना, आत्याआजी!"

आत्याबाई तीन पावले मागे सरकल्या. "अगं बाई! वास्तुशांतीच्या दिवशी शनी घरात? आणि त्यावर बसायचं?" एकाने दुसऱ्याकडे पाहिले. कुणी कानाला हात लावला. व्यापाऱ्याचा चेहरा उतरला.

"मिस्त्रीबाबा," तो हळूच म्हणाला, "काम झकास आहे, पण हे एवढं हलवा. फोडून बंबात घातलंत तरी चालेल."

गेनू जणू याचीच वाट पाहत होता. त्याने पिशवीतून लाकूड तासायचा वाकस काढला आणि आसनासमोर उभा राहिला. "मीच फोडतो. मलाही ते नकोच होतं."

"फोड," वृद्ध शांतपणे म्हणाला. "पण आधी मला दोरी दे. आणि चुन्याची पिशवी."

चांगल्या कामाच्या दिवशी, स्वयंपाक तयार असताना, हा म्हातारा दोरी घेऊन शेजारच्या माळावर का निघाला, हे कुणालाच कळेना. सारे कुतूहलाने मागे गेले. गेनूही गेला, वाकस हातातच. वृद्धाने माळावर खुंटी ठोकली, दोरी बांधली आणि चुन्याने वर्तुळे आखू लागला. पहिले चार पावलांवर. मग मोठे, त्याहून मोठे. सहावे वर्तुळ पार विहिरीला आणि बाभळीला वळसा घालून आले.

"खुंटी म्हणजे सूर्य. आता ग्रह व्हा," तो म्हणाला.

नात टुणकन उडी मारून बुध झाली. तिची आई शुक्र, बाप पृथ्वी. लाल सोवळ्यातल्या गुरुजींना सर्वांनी ओढून मंगळाच्या वाटेवर उभे केले. गुरूसाठी कुणाला शोधावे लागले नाही. व्यापाऱ्याच्या पोटाकडे पाहून सगळे एकदम म्हणाले, "शेटजी!"

"युरेनस-नेपच्यून राहू द्या," वृद्ध म्हणाला. "त्यांना चालायला लावलं तर ते पुढच्या दिवाळीला जेवायला येतील. शनी कोण होतं?"

कुणीच पुढे येईना. वृद्धाने गेनूच्या हातातला वाकस काढून घेतला आणि त्याला सहाव्या वर्तुळावर उभे केले. "सगळ्यांनी सारख्याच चालीनं चालायचं. पळायचं नाही."

खेळ सुरू झाला. नात एक, दोन, तीन करत गरगर फिरली आणि भोवळ येऊन खुंटीपाशी बसली. गुरुजी सोवळे सावरत फेरी संपवून टाळ्या घेऊन गेले. व्यापाऱ्याची फेरी झाली तेव्हा त्याचा सदरा घामाने भिजला होता. पोरे ओरडली, "गुरू वितळला!" मग त्यांचे लक्ष दूर गेले. गेनू अजून विहिरीपाशीच होता.

"शनी मागे पडला! शनी मागे पडला!"

"आत्याबाई," वृद्धाने विचारले, "तो बघा शनी. कुणाचं वाईट करतोय?"

आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून पाहिले. "तो बिचारा काय वाईट करणार? मुकाट चालतोय. वाट केवढी लांब आलीय त्याच्या वाट्याला!"

"मी एवढंच म्हणत होतो," वृद्ध म्हणाला. "शनीला नमस्कार करायला माझी ना नाही. त्याच्या भीतीनं सागवान जाळायला आहे."

मग तो चुन्याची रेघ धरून गेनूपर्यंत गेला आणि त्याच्या बरोबरीने चालू लागला. गेनूची मान खाली होती.

"बाबा, पोरं चिडवतायत."

"चिडवू दे. शनीला सूर्याभोवती एक फेरी घालायला एकोणतीस-तीस वर्षं लागतात. तू जन्मल्यापासून त्याची एक फेरीसुद्धा झालेली नाही. म्हणून का तो मागे पडला? दुःखाचंही तसंच आहे, लेका. कुणाचं चार पावलांत वळसा घेतं, कुणाचं विहीर ओलांडून जातं. महादूनं तुला खांद्यावर घेऊन जग दाखवलं. तुझं वर्तुळ लहान कसं असेल?"

गेनू चालता चालता रडू लागला. वृद्धाने त्याला गप्प केले नाही.

"मग मी मागे नाही?"

"कुणाच्या मागे? या वाटेवर तू एकटाच आहेस."

थोडे अंतर गेल्यावर गेनू नाक पुसत म्हणाला, "बाबा, मी निघून जाणार होतो. वाट्टेल तिकडे."

"म्हणजे वर्तुळ सोडून? मग तू ग्रह कसला, नुसता धोंडा. असले आकाशात पुष्कळ भटकतात. कुणी त्यांची आसनं करत नाही."

गेनूला रडता रडता हसू फुटले, आणि या वेळी त्याने तोंड फिरवले नाही.

वृद्ध परत फिरला. गेनू पुढे चालत राहिला. बाभळीपाशी पोचला तोच नात धावत आली आणि त्याच्या शेजारी चालू लागली.

"बुध शनीच्या वाटेवर येत नसतो," गेनू म्हणाला.

"आज सुट्टी आहे. आणि काका, लवकर नको, सावकाशच चाला. आत्याआजी शनीवर बसलीय. चार पोरं कड्यावर बसलीत. ती म्हणतेय, कंबर अशी कधी टेकली नव्हती, आता कुणी उठवू नका."

वर्तुळ पुरे करून गेनू घरात आला, तेव्हा पंगत बसलेली होती. केळीची पाने मांडलेली, उदबत्त्या लावलेल्या, पण पाने सगळी कोरी. सुनेने पोळ्यांची चळत हातात धरलेली. गेनू दारातच अवघडून उभा राहिला.

"अहो, एवढा वेळ... माझ्यासाठी कशाला..."

व्यापाऱ्याने आपल्या शेजारच्या पानाकडे हात केला. "शनी आल्याशिवाय वाढायचं नाही, असं मीच सांगितलंय. या, बसा."

गेनू बसला. वाढायला सुरुवात झाली.

घर हौसेने सजवावे, छतावर तारेही लावावेत. पण आपल्या घरातले जे कुणी उशिरा पोचणार आहे, त्याच्यासाठी एक आसन मांडून ठेवले आहे ना, हे एकदा बघून घ्यावे.